वाळवंटविरोधी दूध

खैरनारकाका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कपाला हात लावायच्या आधी त्यांनी आमचा फ्रिज उघडला.

आम्ही दोह्याला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. अल अझीझियातल्या त्या इमारतीत आमचं निम्मं सामान अजून खोक्यांत होतं. खालच्या मजल्यावर नाशिककडचं एक मराठी जोडपं राहतं असं कळल्यावर मी हौसेनं त्यांना बोलावलं. काकूंचा गुडघा त्या दिवशी दुखत होता म्हणून काका एकटेच आले. साठीला टेकलेले, ठेंगणे, कडक इस्त्रीचा फुलशर्ट, खिशाला दोन पेनं. मी "बसा" म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. "एक मिनिट हां, ताई," म्हणत त्यांनी दुधाचा खोका बाहेर काढला, चष्मा कपाळावर चढवला, खोका उलटा केला आणि तळाशी छापलेली हिरव्या पावलाची खूण मला दाखवली.

"हे वाळवंटविरोधी दूध आहे," ते म्हणाले.

मी मुकाट्यानं बिनदुधाचा चहा केला. तो त्यांनी बशीत ओतून चवीनं प्यायला. निघताना माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नवीन आहात, तुम्हाला माहीत नव्हतं. आपण काही मनात धरत नाही."

दार लावल्यावर मंदारनंही तो खोका उलटा करून पाहिला.

हळूहळू आम्हाला सगळा मामला कळला. दोह्याच्या दक्षिणेला, मेसईदच्या पुढे गेलं की वाळूच्या टेकड्या लागतात आणि त्या थेट समुद्रात उतरतात. थंडीच्या दिवसांत शुक्रवार उजाडला की अर्धं दोहा मोठ्या गाड्या घेऊन तिकडे धावतं. टायरमधली हवा कमी करायची, गाडी टेकडीवर चढवायची आणि पलीकडून सोडायची. काहींना यात स्वर्ग दिसतो, काहींना उलट्या होतात. तर या टेकड्यांचा एक पट्टा आणि त्याला लागून असलेली खाडी गाड्यांसाठी बंद करावी, लोकांनी तिथे पायीच जावं, अशी एक मोहीम निघाली होती. नाव होतं 'शांत वाळवंट'. बऱ्याच कंपन्यांनी तिला पाठिंबा दिला आणि आपापल्या मालावर हिरवं पाऊल छापलं. पावलाखाली अरबीत आणि इंग्रजीत एक ओळ असे. तिचा अर्थ, वाळवंट पायी बघा.

काकांचा या पावलावर राग होता. नुसता राग नव्हे, उघड युद्ध होतं. ज्या वस्तूवर हिरवं पाऊल, ती घरात येणार नाही. "पाऊल दिसलं की आपण पाऊल मागे घ्यायचं," हे त्यांचं ब्रीद. सुपरमार्केटमध्ये ते प्रत्येक वस्तू उलटी करून बघत. एखाद्या कप्प्यात ओळीनं पावलं निघाली की "खलास, ही लाइनच गेली," असं मोठ्यानं म्हणून ट्रॉली वळवत. तिथला फिलिपिनो विक्रेता त्यांना ओळखायला लागला होता. नवीन माल आला की तो लांबूनच अंगठा वर किंवा खाली करून दाखवायचा.

दूध गेलं, त्यापाठोपाठ दही आणि लबान, म्हणजे इथलं ताक, गेलं. पास्ता गेला, त्याचं त्यांना दुःख नव्हतं. मग टिश्यूपेपर गेला. आखाती देशात टिश्यूच्या डब्याशिवाय गाडी म्हणजे कुंकवाशिवाय सवाष्ण, पण काकांच्या गाडीत डॅशबोर्डवर जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे घडी घालून ठेवलेले असत. केस कापायला गेले की न्हावी गळ्याभोवती कागदाची पट्टी लावतो, तिच्याआधी हे खिशातून धोतराचा तुकडा काढून देत. तो बांगलादेशी न्हावी बिचारा पहिल्या दिवशी घाबरला होता. त्याला वाटलं, काका नवस फेडतायत.

मग ऐन जुलैत एसीची कंपनी मोहिमेत सामील झाली. इमारतीतल्या सगळ्यांचे डोळे खालच्या मजल्याकडे लागले. बाहेर हवा अशी की दाराची कडी फडक्यानं धरावी लागत होती. काका दोन तास येरझारा घालत होते म्हणे. शेवटी त्यांनी निवाडा दिला की जे पावलाच्या आधी घरात आलं ते माफ, आधीचं ते आधीचं. पण त्या कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला तर त्याला दारातून परत पाठवलं. फिल्टर स्वतः साफ करायला घेतला. मी काकूंकडे कढीपत्ता मागायला गेले तेव्हा काका दीड फुटी स्टुलावर उभे होते. डोक्याला हेल्मेट, छातीला कामावरचा सेफ्टी बेल्ट, आणि बेल्टचा हुक खिडकीच्या गजाला अडकवलेला.

हे हेल्मेट काही त्या दिवसापुरतं नव्हतं. काका तेलाच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. आधी पश्चिम किनाऱ्यावर दुखानला, मग बदली होऊन दोह्यात. माणसं पडू नयेत, भाजू नयेत, चिरडली जाऊ नयेत, यातच त्यांची सगळी नोकरी खर्ची पडली होती आणि ती त्यांच्या हाडात मुरली होती. जिन्यात कठड्याला हात न लावता उतरणाऱ्याला ते थांबवत. सरकत्या जिन्यावर साडीचा काठ उचलून धरा म्हणून अनोळखी बायकांना सांगत. सलवा रोडवर त्यांची गाडी सगळ्यात कडेच्या लेनमध्ये, शाळेच्या बसलासुद्धा वाट देत जायची. आम्ही एकदा त्यांच्याबरोबर सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाले आणायला गेलो होतो. परत आल्यावर मंदार म्हणाला, "हा माणूस वाळूच्या डोंगरावर गाडी कशी घालत असेल?"

पण घालत होते खरे. हिवाळ्यात दर शुक्रवारी पहाटे नवराबायको निघत आणि उन्हं वर यायच्या सुमाराला परतत. काका तोंड धुऊन थेट आमच्याकडे येत आणि दोन्ही हातांनी हवेत टेकडी काढून दाखवत. "असा उभा चढ, मृणालताई. गाडी नुसती नाकावर. समोर आकाशाशिवाय काही दिसत नाही. आणि मग टोकावर आलो की खाली समुद्र. निळा म्हणजे किती निळा." सांगताना ते उभे राहत, खुर्ची सरकवत, एकदा तर आमचा फुलदाणीचा स्टँडच पाडला. चेहरा मात्र जरा पांढरा असायचा. मला वाटायचं, पहाटे उठल्यामुळे असेल.

काकू कधी त्यांच्याबरोबर वर आल्या तर हे सगळं ऐकत शांत बसून राहायच्या. सुमनकाकू. उंच, सावळ्या, तोंडात शब्द कमी आणि जे येतील ते नेमके. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय वाळलेला. मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा आधार आणि जड बूट, उजव्या हातात काठी. लिफ्ट बंद असली की दोन मजले चढायला त्यांना बराच वेळ लागे, आणि त्या वेळात कुणी हात पुढे केलेला त्यांना चालत नसे. नवऱ्याच्या बहिष्काराबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "त्यांना आवड आहे." जणू काका टपाल तिकिटं जमवत होते.

खरी कसोटी लागली ती काकांच्या कंपनीनंच 'शांत वाळवंट'ला पाठिंबा दिला तेव्हा. सगळ्यांच्या हेल्मेटवर हिरवं पाऊल चिकटवलं गेलं. आता काका काय करणार, याची अख्ख्या मराठी मंडळात चर्चा होती. काकांनी स्वतःच्या पैशानं नवं कोरं हेल्मेट आणलं आणि कंपनीच्या कँटीनवर बहिष्कार टाकून घरून डबा न्यायला लागले. मंदारनं खोचकपणे विचारलं, "आणि काका, पगार?"

काकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "पगार म्हणजे त्यांनी केलेली माझी खरेदी आहे. त्यांना ती बंद करायची असेल तर त्यांनी माझ्यावर बहिष्कार टाकावा. मी कशाला त्यांच्या वतीनं टाकू?"

मंदारनं विषय बदलला.

गणपतीत तर मजा झाली. मंडळाला पाण्याच्या बाटल्या ज्यांनी फुकट दिल्या होत्या, त्या कंपनीचं पाऊल प्रत्येक बाटलीवर होतं. काकांनी घरून स्टीलची मोठी टाकी भरून आणली, नळाला स्वच्छ फडकं बांधलं आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला "इकडचं घ्या, इकडचं घ्या" म्हणत पेले भरून देत राहिले. पाहता पाहता त्यांच्यापुढे बाटल्यांपेक्षा मोठी रांग लागली. कारण काकूंनी त्या पाण्यात वाळा टाकला होता. काकांना मात्र वाटलं की लोकांना पटतंय. आनंदानं त्यांचा आवाज चढत गेला, आणि शेवटी अध्यक्षांना येऊन सांगावं लागलं की आरती सुरू झाली आहे आणि ऐकू फक्त तुमचं पाणी येतंय.

इमारतीतली इंग्रजी शाळेत जाणारी पोरं त्यांना बॉयकॉट अंकल म्हणत. काका त्यांना रागवत नसत, "गुड मॉर्निंग, कॉम्रेड्स" म्हणत.

एकदा सकाळी सातला आमची बेल वाजली. दारात काका, हातात बिस्किटांचा पुडा, डोळ्यांत पाणी यायचं बाकी. त्या बिस्किटाच्या कागदावरून हिरवं पाऊल नाहीसं झालं होतं. "झुकले," काका म्हणाले. "एक कंपनी झुकली, ताई. यल्ला, चला, आता बघा एकेक." त्या दिवशी त्यांनी इमारतीत दारोदार बिस्किटं वाटली. सुदानी डॉक्टरांना दिली, इजिप्तच्या मास्तरांना दिली, वॉचमनला दोन पुडे दिले. पुढे कितीतरी दिवस ते चहाबरोबर, जेवणानंतर, जेवणाऐवजी तीच बिस्किटं खात होते. अगदी बेचव बिस्किटं होती. कंपनीनं नव्या वेष्टनात 'आता जास्त कुरकुरीत' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं आणि त्या भानगडीत पावलाला जागा उरली नव्हती, हे मी पुडा बघताक्षणी ओळखलं. पण त्यांचा चेहरा बघून मी आणखी एक बिस्किट घेतलं.

या सगळ्यात मी मोहिमेच्या विरुद्ध होते असं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. वाळूत घरटी करणारे पक्षी असतात, काटेरी झुडपं वाळू धरून ठेवतात, त्यावरून गाडी गेली की पुन्हा उगवायला कितीतरी काळ जातो, हे मला माहीत होतं. मी एकदा काकांना तसं बोललेसुद्धा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण माझंही बरोबर आहे."

"तुमचं काय बरोबर आहे ते सांगा ना मग, काका."

यावर ते एकदम घड्याळ बघून उठले. हे नेहमीचं होतं. काकांकडे बहिष्कार भरपूर होता, पण कारण विचारलं की फारच साधी उत्तरं येत. कधी म्हणत, वाळू कुणाच्या बापाची नाही. कधी म्हणत, आमच्या सटाण्यात गायरानावर कुणी कुंपण घातलं तर लोक उपटून टाकतात. एवढा बुद्धिमान माणूस, आणि एवढ्या मोठ्या भांडणाला एवढासा युक्तिवाद. मला ते कोडंच होतं.

फेब्रुवारीत 'शांत वाळवंट'वाल्यांनी जाहीर केलं की तो पट्टा आता लवकरच गाड्यांना बंद होणार, त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला ते एक सभा घेणार आहेत, कुणीही यावं. काकांना जणू लग्नाची तिथी मिळाली. पंधरवडाभर आमच्याकडे भाषणाची तालीम चालली होती. ते मराठीत बोलत, मी इंग्रजी करून देत असे. हातवारे कुठे करायचे हेसुद्धा ठरलं. 'गेट लावून प्रेम वाढत नाही' हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की ते लिफ्टमध्येही म्हणत.

सभा वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात होती. वाळूत गाड्या पळवणाऱ्या क्लबची तरुण कतारी पोरं पुढच्या रांगांत, मोहिमेची माणसं स्टेजवर, मध्ये आम्ही. काकू मागच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, कारण पायऱ्या उतरून पुढे यायला त्यांना जड गेलं असतं. काकांनी नवा टाय लावला होता.

मोहिमेतर्फे एक तरुण मुलगी बोलली. शांत आवाजाची, समजूतदार. तिनं फोटो दाखवले. चाकांनी चिरडलेली घरटी होती, झुडपं होती. मग काकांची पाळी आली, आणि सांगते, काका सुंदर बोलले. माझं इंग्रजी त्यांनी मध्येच सोडून दिलं आणि स्वतःचं बोलले. पहाटेची वाळू कशी थंड असते, टेकडीच्या धारेवर उजेड एका बाजूनं कसा येतो, गाडी वर पोचते तेव्हा पोटात काय होतं, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. पुढची कतारी पोरं वळून वळून त्यांच्याकडे बघत होती. एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मला वाटलं, हा माणूस आज जिंकतो.

ती मुलगी हसली. तिला काका आवडले होते हे दिसत होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही एवढं सुंदर वर्णन केलंत. आम्ही तर तेच म्हणतोय. वाळवंट आम्ही बंद करत नाही आहोत. गाडी बाहेर ठेवा आणि चालत आत या, तीच टेकडी, तोच समुद्र. तुम्हाला चालत जायला काय अडचण आहे?"

काकांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, दाराकडे. मीही पाहिलं. काकूंनी मान अगदी किंचित हलवली. नाही.

काका पुन्हा स्टेजकडे वळले.

"काही अडचण नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले.

पुढे सभा चालू राहिली. काकांचे हात मांडीवर होते, टायचं टोक ते बोटाला गुंडाळत होते. आता माझ्या डोक्यात काहीतरी सरकायला लागलं होतं, पण अर्धवटच. परतताना गाडीत काकांनी मला सीटबेल्टची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. "उद्या शुक्रवार. पहाटे आमच्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. "नाश्ता करू नकोस."

अंधार विरत असताना आम्ही मेसईद ओलांडलं. गाडी काका चालवत होते, नेहमीसारखे कडेच्या लेनमध्ये. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात. डांबर संपलं तिथे काका उतरले. चारी टायरमधली हवा मोजून कमी केली. पाण्याचे कॅन दोरीनं बांधले, माझा पट्टा ओढून पाहिला, फावडं जागेवर आहे का बघितलं. मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि बाजूला उभे राहिले.

पलीकडच्या बाजूनं काकू उतरल्या. बॉनेटला धरून, एकेक पाऊल टाकत त्या वळसा घालून आल्या. तेवढ्या चार-सहा पावलांत त्यांचा बूट दोनदा वाळूत रुतला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीला धरून उपसून काढला. काका बघत होते, पण हात पुढे केला नाही. काठी काकूंनी मागे माझ्याकडे दिली. हाताच्या जोरावर अंग उचलून त्या स्टिअरिंगमागे बसल्या, डावा पाय दोन्ही हातांनी आत घेतला, सीट पुढे ओढली. गाडी ऑटोमॅटिक होती. उजवा पाय पुरत होता.

काका शेजारी बसले. पट्टा लावला. दारावरच्या मुठीला दोन्ही हातांनी धरलं.

"धर गं घट्ट," काकू मला म्हणाल्या, आणि निघाल्या.

मी आजवर बऱ्याच गाड्यांत बसले आहे, पण तशी कधी बसलेली नाही. समोरची टेकडी भिंतीसारखी उभी आली आणि काकूंनी तिच्याकडे असा वेग घेतला की मी डोळे मिटायचंही विसरले. इंजिनाचा आवाज चढला, समोरची काच नुसत्या आकाशानं भरली, पाठ सीटमध्ये रुतली, आणि टोकावर क्षणभर गाडीला वजनच उरलं नाही. मग आम्ही पलीकडे होतो, वाळू पाण्यासारखी दोन्ही बाजूंनी उडत होती, गाडी तिरकी घसरत होती आणि काकू स्टिअरिंग एका हातानं सोडत दुसऱ्यानं पकडत तिला पुन्हा सरळ करत होत्या. एक टेकडी, दुसरी, तिसरी. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, हे त्यांना वाळूचा रंग बघून कळत होतं. पक्ष्यांची घरटी असलेल्या खाडीच्या बाजूला मात्र त्या एकदाही वळल्या नाहीत. पदर कधीच खांद्यावरून उडाला होता. आणि त्या हसत होत्या. शब्द जपून वापरणारी ती बाई तोंड उघडं टाकून हसत होती, आणि माझ्याही तोंडून आवाज निघत होते, जे मी शाळकरी वयानंतर कधी काढले नव्हते.

काका देवाचं नाव घेत होते. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलतायत, कपाळावर घामाचे थेंब. प्रत्येक टेकडीच्या टोकावर त्यांच्या घशातून एक बारीक आवाज यायचा. दर शुक्रवारी येऊन काका आम्हाला सगळं सांगायचे, पण 'मी चालवली' असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते आता माझ्या लक्षात आलं.

सगळ्यात उंच धारेवर काकूंनी गाडी थांबवली. खाली समुद्र आत आलेला, पहाटेच्या उजेडात अजून राखाडी. काका दार उघडून घाईनं उतरले आणि गाडीमागे गेले. त्यांना उलटी होत होती ते ऐकू आलं.

"दर वेळी होतं," काकू म्हणाल्या. "दुखानला असल्यापासून."

काकूंनी पदर सावरला.

"सटाण्यात लहानपणी सगळी पोरं नदीवर धावायची. मी काठावर चपला राखत बसायची. कुणाला तरी राखाव्याच लागतात ना. मग दुखानला टाउनशिपचे रस्ते रिकामे असायचे. यांनी मला गाडी शिकवली. स्वतः भितात, पण शिकवली. एकदा रस्ता चुकून वाळूत शिरलो, मी घाबरून पाय दाबला, आणि गाडी चढली की वर." त्या थांबल्या. "तेव्हा कळलं, ती पोरं धावत का होती ते."

"काकू, सभेत हे सांगितलं असतं तर—"

"तर त्यांनी लगेच हो म्हटलं असतं. तेच नको होतं." त्यांनी स्टिअरिंगवरची वाळू बोटानं पुसली. "जन्मभर लोकांनी माझ्या पायाकडे बघून मला सगळं दिलंय. बसायला जागा, पहिला नंबर, मार्कसुद्धा. हे एकच आहे, जे मला दयेनं मिळालं नाही. मी यांना बजावलंय, भांडायचं असेल तर भांडा, पण माझा पाय मध्ये आणायचा नाही. ती मुलगी चूक नाही बोलत. अंडी फुटतात, मला माहीत आहे. पण मी चालत इथवर येऊ शकत नाही, हेही खरं आहे. मग यांना करता येण्यासारखं काय उरलं?" काकू गालातल्या गालात हसल्या. "बिचाऱ्यांनी दूध सोडलं."

पुढे तो पट्टा बंद झाला. लोखंडी खांब आले, खांबांवर हिरवं पाऊल आलं. आता दोघं शुक्रवारी अंधारातच निघतात आणि आणखी दक्षिणेला, बरंच लांब जातात. काकांचा बहिष्कार चालू आहे. कारण विचारलं की ते अजूनही घड्याळ बघतात, आणि मी आता विचारत नाही.

पण त्या सकाळी खांब यायचे होते. काका गाडीमागून परत आले. चूळ भरून झाली होती, चेहरा पांढराफटक होता. त्यांनी समुद्राकडे पाहिलं, मग बायकोकडे. काकूंचे केस सुटले होते, नाकावर वाळू होती, गाल लाल झाले होते. काका तिच्याकडे इतकं टक लावून बघत होते की मी नजर दुसरीकडे वळवली.

"ऊन चढायच्या आत पलीकडची ती मोठी टेकडी घेऊन टाक," ते म्हणाले. "मागच्या वेळी राहिली होती तुझी."

"अहो, आता पुरे. तुम्हाला बरं नाहीये."

"मला काय झालंय?" असं म्हणत काका आत बसले, पट्टा लावला, ओढून पाहिला, आणि तिनं गाडी सुरू करायच्या आधीच मुठीला घट्ट धरून डोळे मिटून घेतले.